पहिल्या वाक्याचं वजन

"मी पुस्तक लिहितोय" हे वाक्य निरीक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं ते दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, आणि तेही भीतीपोटी.

ते वजनमापे खात्यात होते. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे आणि खोटं वजन सापडलं तर ते पिशवीत घालून कचेरीत आणायचं, हे काम ते सव्वीस वर्षं करत होते. अंगकाठी किरकोळ, आवाज बारीक, आणि शिंक आली तरी आधी आजूबाजूला बघून मग शिंकायचं असा स्वभाव. त्यामुळे बाजारात त्यांच्या पाठीमागे त्यांना 'तोळामासा साहेब' म्हणत. हे त्यांना माहीत होतं. आपल्याला हे माहीत आहे, हे बाजाराला कळू नये एवढीच त्यांची इच्छा होती.

त्या दिवशी डॉक्टरांनी दाढ कोरायचं यंत्र सुरू केलं, कान देऊन त्याचा आवाज ऐकला आणि सहज म्हणाले, "तुमचं बरं आहे. खात्याची नोकरी, वेळच वेळ."

ज्या माणसाकडे वेळच वेळ आहे त्याची दाढ डॉक्टरही सावकाश कोरणार, असा भयंकर विचार निरीक्षकांच्या मनात आला. काहीतरी भारदस्त बोलणं भाग होतं. ते म्हणाले, "वेळ कुठला? पुस्तक लिहितोय."

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. "अस्सं? कशावर?"

निरीक्षकांनी घाईघाईनं आ केला. दाढ कोरून घेण्यासाठी स्वखुशीनं एवढा मोठा आ करणारा रोगी डॉक्टरांनी बहुधा आजवर पाहिला नसावा.

तसं म्हटलं तर ती निव्वळ थाप नव्हती. घरी कपाटात, गरम कपड्यांच्या खाली, दोनशे पानांची जाड पुठ्ठ्याची एक वही अकरा वर्षं पडून होती. ती त्यांनी पुस्तक लिहायलाच आणली होती. अकरा वर्षांत दोनदा बाहेर काढली, दोन्ही वेळा उघडून बघितली आणि झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लावावं तशी हळूच मिटून ठेवली. पण ही गोष्ट त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती, आणि थापही खुर्चीतल्या खुर्चीत राहिली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. दुर्दैव असं की पडद्यापलीकडच्या बाकावर गाल धरून वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. त्यांचा गाल सुजला होता, कान नाही.

निरीक्षक घरी पोचले तेव्हा जिन्यात दोन शेजारी त्यांच्यासाठी बाजूला सरकले. सव्वीस वर्षांत त्या जिन्यात त्यांच्यासाठी कुणी सरकलं नव्हतं. त्यांना पहिला घाम तिथंच फुटला.

संध्याकाळी मुख्याध्यापक खाली आले. गालामुळे अर्ध्याच तोंडानं बोलत होते, पण बोलायचे थांबत नव्हते. काखेत कागदांची एक सुरळी होती.

"प्रस्तावना," ते म्हणाले. "बावीस पानं आहेत."

"पण सर, पुस्तक अजून..."

"ते होईल. ही मी नऊ वर्षांपूर्वी एका कवीसाठी लिहिली होती. तो परगावी गेला तो गेलाच. पुस्तकाचं नाव येतं तिथं मी जागा सोडली आहे, तेवढी भरा."

"मग ती कवितेवर असेल ना?"

"मुळीच नाही," मुख्याध्यापक जरा दुखावून म्हणाले. "प्रस्तावनेत मी कवितेचा विषयच काढलेला नाही."

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ एक छोटासा छापखाना चालवायचा. पावतीपुस्तकं, दुकानांच्या जाहिराती, असलं काम. पण पुस्तक छापायची त्याला फार हौस होती आणि आजवर कुणी दिलं नव्हतं. तो येताना मुखपृष्ठच तयार करून घेऊन आला. मुखपृष्ठावर निरीक्षकांचा फोटो होता, आणि फोटोत त्यांच्या डाव्या खांद्यावर कुणाचा तरी नुसता हात होता.

"हा हात कुणाचा?" निरीक्षकांनी विचारलं.

"माझा, भाऊजी. घरातल्या सगळ्यांच्या फोटोतून तुम्हाला कापून काढलं. हात काही निघेना. पण बघा, लेखकाच्या पाठीशी कुणीतरी आहे असं वाटतं."

अशा रीतीनं दोन दिवसांत प्रस्तावना तयार झाली, मुखपृष्ठ तयार झालं, आणि आता मध्ये फक्त पुस्तक घालायचं राहिलं.

बायकोचं म्हणणं सरळ होतं. "लिहा की. कोण नको म्हणतंय? फक्त बाहेरच्या खोलीत बसू नका." बाहेरच्या खोलीत ती शिवणाचा वर्ग चालवायची. तिथं चार मशिनं होती, दुपारी तीनपासून सातपर्यंत मुली येत, आणि जमिनीवर इतक्या टाचण्या सांडलेल्या असत की निरीक्षक स्वतःच्या घरात चप्पल घालून वावरत. आतल्या खोलीत आई असायची. म्हणून निरीक्षकांनी स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, वही उघडली, पट्टी ठेवून वर 'प्रकरण पहिलं' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. मग त्या रेघेखाली दुसरी रेघ मारली. तिसरी मारली असती तर पान वाईट दिसलं असतं, म्हणून थांबले.

आणि मग त्यांना भीती वाटायला लागली. ही भीती म्हणजे काय ते ज्यानं कधी कोऱ्या पानासमोर बसून बघितलेलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. तळहात ओले झाले, वहीवर बोटांचे ठसे उमटले. जन्मभर त्यांनी दुसऱ्याचं तोलून बघितलं होतं. आता आपण इथं जो शब्द ठेवू तो कुणीतरी चिमटीत धरून उचलणार, तोलणार आणि म्हणणार, काय हो, हा कमी भरतोय. पेनाचं टोक कागदापासून बोटभर अंतरावर येऊन तिथंच राहिलं.

आतल्या खोलीच्या दारात आई खुर्ची टाकून विणत बसली होती. ऐंशीच्या पुढं वय. डोळ्यांना फार दिसत नसे, पण बोटं आपली आपण विणत आणि कान चारही दिशांना असत.

"काय करतोयस रे?"

"लिहितोय."

"पेनाचा आवाज येत नाही," आई म्हणाली.

निरीक्षकांनी वही मिटली.

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. पण आठवड्याच्या आत कचेरीतून चिठ्ठी आली. खात्यातल्या माणसाला पुस्तक काढायचं तर आधी परवानगी लागते, असा नियम कुठल्या तरी जुन्या जाड पुस्तकात होता. सोबत अर्जाचा नमुना होता. त्यात पहिला रकाना पुस्तकाच्या विषयाचा, दुसरा पानांच्या संख्येचा, आणि तिसरा 'पुस्तकात उल्लेख असलेल्या व्यक्ती व त्यांचं लेखकाशी नातं' असा. खाली टीप होती की हस्तलिखित तीन प्रतींत जोडावं.

निरीक्षक आस्थापनेच्या कारकुनाकडे गेले. "पुस्तक अजून लिहिलेलंच नाही."

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "मग जेवढं आहे तेवढं द्या. पण तीन प्रतींत द्या."

निरीक्षकांनी तशाच आणखी दोन कोऱ्या वह्या विकत आणल्या, त्यांत 'प्रकरण पहिलं' लिहून दोन दोन रेघा मारल्या, आणि तिन्ही वह्या टेबलावर ठेवल्या. मग असं निघालं की दोन नकला मूळ प्रतीबरहुकूम आहेत असा दाखला हवा. कारकुनानं मूळ वहीचं एकेक कोरं पान उलटून नकलेच्या कोऱ्या पानाशी ताडून बघितलं आणि सहाशे पानांवर 'तपासलं, आक्षेपार्ह काही नाही' असा शिक्का मारला. दीड दिवस लागला. एकशे चाळीसाव्या पानाशी तो जरा थबकला तेव्हा निरीक्षकांच्या काळजाचा ठोका चुकला. पण तो नुसता आळस देत होता.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं.

"बसा," साहेब म्हणाले.

सव्वीस वर्षांत साहेबांनी, या किंवा आधीच्या कुठल्याही, त्यांना बसा म्हटलं नव्हतं. निरीक्षकांच्या पायांतलं त्राण गेलं, त्यामुळे बसणं मात्र सोपं झालं.

"या पुस्तकात मी आहे का?"

"नाही साहेब."

"थोडासाही?"

"पुस्तकात कुणीच नाही साहेब. आपण वह्या बघितल्यातच."

"बघितल्या म्हणूनच विचारतो," साहेब आवाज खाली आणून म्हणाले. "ज्याच्याकडे लपवायचं काही नसतं तो दोन ओळी तरी लिहून देतो. तुम्ही एक अक्षर दिलेलं नाही. एवढी सावधगिरी कशासाठी?" मग दाराकडे बघून ते पुढं झुकले. "ते एक किलोचं प्रमाण वजन. सात वर्षांपूर्वी माझ्या हातून पडलं आणि त्याचा टवका उडाला. त्याबद्दल काही लिहिणार आहात?"

"साहेब, मला हे माहीतच नव्हतं."

पण आता ते त्यांना माहीत झालं होतं. ज्या वजनावरून सबंध गावातली वजनं तपासायची तेच टवका उडालेलं, आणि हे जाणणारी माणसं या जगात फक्त दोन. साहेबांनी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "दूरच्या तपासणी नाक्यावर एक जागा रिकामी आहे. आसपास वस्ती नाही. लेखकाला एकांत लागतो म्हणतात. विचार करतो."

निरीक्षक बाहेर आले तेव्हा त्यांना जिना दोन ठिकाणी दिसत होता. नाक्यावर बदली म्हणजे आईला कुठं ठेवायचं, बायकोच्या वर्गाचं काय करायचं, आणि एकटे आपण त्या नाक्यावर कसे राहणार? आणि हे सगळं कशामुळे, तर एका दाढेमुळे. परत जाऊन "मी पुस्तक लिहीत नाही" असं सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. पण साहेब ते खरं मानणार नाहीत हेही कळत होतं. लिहिलेलं पुस्तक नाकारता येतं, न लिहिलेलं कसं नाकारणार?

त्या दुपारी ते नेहमीप्रमाणे बाजारात फेरीला गेले आणि बघतात तो काय, बाजार धुऊन पुसून लख्ख. पारडी चमकत होती, वजनं लहानमोठी अशी ओळीनं मांडली होती, आणि जे दुकानदार एरवी त्यांना बघून हिरमुसले होत ते हात जोडून उभे होते. बातमी इथंही आली होती, आणि येताना वाटेत वाढली होती. तोळामासा साहेब पुस्तक लिहिताहेत, त्यात प्रत्येक दुकानाचं नाव आहे, अशी. चौकातल्या किराणा दुकानदारानं तर त्यांना हाताला धरून आत, साखरेच्या पोत्यांमागं नेलं. हा माणूस एवढा मोठा की त्याच्या सावलीत निरीक्षक मावत.

"साहेब, माझं नाव घालू नका," तो कुजबुजला. "मुलीची सोयरीक चालू आहे. मी सगळं सांगतो. मेण होतं."

"काय होतं?"

"मेण. पारड्याखाली. मालाच्या बाजूला. बोटाच्या पेराएवढंच. काल खरवडून टाकलं. तुमच्या कधी लक्षात आलं नाही, पण आता पुस्तकासाठी तुम्ही बारीक बघणार म्हणून..."

निरीक्षकांचा चेहरा पांढरा पडला. दुकानदाराला वाटलं साहेब चिडले. ते चिडले नव्हते. त्यांना एकदम दुसरं एक दुकान दिसलं होतं.

त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. आठ वर्षांचे असताना एका सुट्टीच्या दुपारी त्यांना तराजू पुसायला सांगितलं होतं. पुसता पुसता मालाच्या पारड्याखाली त्यांच्या बोटांना मेण लागलं. ते काय आहे हे आठ वर्षांच्या मुलालाही कळतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि वडील गेल्यावरही नाही. पुढं खात्यात लागल्यावर त्यांनी पोकळ वजनं पकडली, वाकडे काटे पकडले, पण पारडं उलटं करून त्याखाली बोट फिरवायचं ते दर वेळी टाळायचे. या दुकानदाराचं मेण त्यांच्या लक्षात आलं नाही ते उगाच नाही.

अकरा वर्षं ती वही कोरी का राहिली ते त्यांना साखरेच्या पोत्यांमागं उभ्या उभ्या कळलं. पुस्तक कशावर, याचं उत्तर त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. आणि आता जी भीती वाटली तिच्यापुढं दाढ, साहेब, नाका, सगळं पोरखेळ होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते कचेरीच्या कोठीत गेले. जप्त केलेली वजनं तिथं फळ्यांवर रचलेली असत. एका खोक्यावर बसून त्यांनी शिक्के मारून परत मिळालेली मूळ वही मांडीवर घेतली आणि डोळे जवळजवळ मिटून लिहिलं. अर्धं पान झालं. ते त्यांनी परत वाचलं नाही. घरी नेऊन वही गरम कपड्यांखाली सरकवली, आणि दोन दिवस त्या कपाटासमोरून जाताना ते भिंतीकडून जात राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरी येऊन बघतात तर वही नाही.

"अगं, कपाटातली वही?"

बायको एका मुलीला बाही कापायला शिकवत होती. तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली, "सकाळीच दिली भावाला. म्हणत होता नमुना म्हणून एखादं पान छापून बघतो. तुम्ही सांगून ठेवलंय असं म्हणाला."

"मी? मी कशाला सांगू?"

"मला काय माहीत. मी कापत होते."

निरीक्षक पळाले. पन्नाशी उलटलेला, चौथ्या पायरीवर थांबून श्वास घेणारा माणूस भर दुपारी रस्त्यानं पळतोय हे बघून लोकांनी आग कुठं लागली ते विचारलं. छापखान्यात मेहुण्यानं दोन्ही हात पसरून त्यांचं स्वागत केलं.

"भाऊजी, काय वाक्य आहे हो. मी वाचलं आणि हातातला चहा हातातच राहिला."

"कुठंय वही?"

"ही घ्या. पण वहीचं काय, मी दोनशे पत्रकं काढली. पहिलं पान जसंच्या तसं, वर तुमचं नाव. बाजारात घरोघरी, आपलं, दुकानोदुकानी वाटली. पुस्तक यायच्या आधी हवा व्हायला पाहिजे."

"अरे, तुला वाचून काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. मला वाटलं, काय गोष्ट रचलीय." मेहुण्याचा चेहरा हळूहळू उतरला. "रचलेलीच आहे ना?"

निरीक्षक वळले ते थेट बाजारात शिरले. त्या अर्ध्या तासाबद्दल ते पुढं कधी कुणाशी बोलले नाहीत. लोखंडवाल्यानं पत्रकात खिळे बांधून दिले होते. चहावाल्यानं ते भिंतीला चिकटवलं होतं. औषधवाला दोन गिऱ्हाइकांना वाचून दाखवत होता. त्यांनी मिळतील तेवढी गोळा केली, साठएक असतील. आणि अपमान हा की कुणी हसलं नाही. उलट माणसं मायेनं बघत होती. किराणा दुकानदारानं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि गहिवरून म्हणाला, "म्हणजे तुम्ही आमच्यातलेच."

"एक पत्रक मुख्याध्यापक सर घेऊन गेले," मागून धापा टाकत आलेला मेहुणा म्हणाला. "म्हणाले, मातोश्रींना वाचून दाखवतो."

ते घरी पोचले तेव्हा शिवणाची चारही मशिनं बंद होती. मुली हातातलं काम टाकून बसल्या होत्या, बायको भिंतीला टेकून उभी होती. मध्ये खुर्चीवर आई, मांडीवर लोकरीचा गुंडा. आणि समोर मुख्याध्यापक, आता गाल बरा झाल्यामुळे सबंध तोंडानं, शाळेत वाचत तसं खणखणीत वाचत होते.

"'माझे वडील लोकांना कमी मोजून देत असत. हे मला आठव्या वर्षी कळलं. दुकानातला तराजू पुसताना पारड्याखाली माझ्या बोटांना मेण लागलं. मी ते कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ते समोर आले की मी खाली बघायचो. ते गेले तेव्हाही मी त्यांच्या डोळ्यांत बघितलेलं नव्हतं.'"

निरीक्षक उंबऱ्यातच उभे राहिले.

"सर, पहिली ओळ परत वाचा," आई म्हणाली.

मुख्याध्यापकांनी वाचली.

"अजून एकदा."

त्यांनी परत वाचली. या वेळी आवाज जरा कमी झाला होता.

"चांगलं वाचता तुम्ही," आई म्हणाली. "आता घरी जा. पोरींनो, तुम्हीही."

खोली रिकामी झाली. बायको मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवत राहिली. निरीक्षक टाचण्या चुकवत आले आणि आईसमोर शिवणाच्या स्टुलावर बसले.

"चुकीचं लिहिलंयस," आई म्हणाली.

"आई, माझ्या या बोटांना..."

"मेण होतं. मी कुठं नाही म्हणते? पण ते त्यांनी लावलेलं नव्हतं. मी लावलं होतं."

आईनं विणायला घेतलं. बहुधा हातांना काम असलं की तिला बोलणं सोपं जात असावं.

"तुझ्या बाबांचा हात सैल. किलोभर साखर तोलली की वर मूठभर टाकायचेच. म्हातारं माणूस असलं की दोन मुठी. मी लग्न होऊन आले तेव्हा दुकानातली अर्धी फडताळं रिकामी होती. सांगून बघितलं, भांडून बघितलं. हसायचे. मग मी मेणबत्ती वितळवली आणि त्यांच्या मुठीएवढं मेण खाली लावलं."

"मुठीएवढं म्हणजे किती?" हा प्रश्न निरीक्षकांच्या तोंडून आपोआप बाहेर पडला. सव्वीस वर्षांची सवय.

"ते दुपारी झोपले की त्यांच्या मुठीत साखर भरून बघितली होती. तेवढ्याच वजनाचं मेण लावलं. वर ते घालायचे, खालून मी काढून घ्यायचे. गिऱ्हाईक घरी जायचं ते बरोबर किलो घेऊन. आमच्या दुकानातून कमीही कुणाला गेलं नाही आणि जास्तही नाही. हवं तर तपास."

"बाबांना माहीत होतं?"

सुया थांबल्या. "दोनेक वर्षांनी त्यांची मूठ मोठी झाली. मग मी मेण वाढवलं. मग ते ओंजळीनं टाकायला लागले."

"आणि तुम्ही एकमेकांशी कधी काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? संसार चालला होता की."

निरीक्षकांना हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. कारण आई आता त्यांच्याकडे, म्हणजे ते जिथं बसले असतील असं तिला वाटत होतं तिकडे, बघत होती.

"मला विचारायचे ते," ती म्हणाली. "पोरगं माझ्याकडे बघत का नाही? मी म्हणायचे, लाजाळू आहे. तुझ्या बोटाला काय लागलंय ते मला कुठं ठाऊक."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली होती. आयुष्यभर निरीक्षक नाना गोष्टींना भ्याले होते, आणि त्यांतल्या बहुतेक गोष्टी घडल्याच नव्हत्या. ही मात्र घडून गेली होती, चाळीस वर्षांपूर्वीच, आणि तिच्यात बदल करायला आता कुठल्याही खात्याकडे अर्ज करता येत नव्हता.

दोन दिवसांनी साहेबांनी पुन्हा बोलावलं. टेबलावर पत्रक होतं आणि साहेबांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता.

"वडिलांवर आहे होय पुस्तक? मग आधी सांगायचं. वडील खात्यात नव्हते ना?"

"नाही साहेब."

"मग काय हरकत आहे? नाक्यावर दुसऱ्या कुणाला पाठवू." त्यांनी परवानगीवर सही केली आणि कागद पुढं सरकवला.

कागदावर खाली बारीक अक्षरांत एक अट होती. मंजूर झालेल्या मजकुरात कोणताही बदल करायचा झाल्यास नव्यानं तीन प्रतींत अर्ज करावा. निरीक्षकांनी ती दोनदा वाचली. मंजूर झालेलं वाक्य खोटं होतं. ते बदलायचं तर पुन्हा अर्ज, पुन्हा नकला, पुन्हा साहेबांची खुर्ची. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच खात्याला न कळवता एक गोष्ट करायचं ठरवलं. जिना उतरताना त्यांनी तीनदा मागं वळून बघितलं.

संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही उघडली. पहिल्या पानावरच्या सगळ्या ओळी खोडल्या, अगदी सावकाश, पट्टी ठेवून. आईची खुर्ची टेबलाजवळ आणली. भीती अजून तशीच होती, आणि ती जाईल असं काही चिन्ह नव्हतं. ती जायची वाट बघत बसलो तर आणखी अकरा वर्षं जातील, आणि आईला आता ऐंशीच्या पुढं किती झाली हे मोजायचं ते टाळत होते.

"आई, सुरुवात कुठून करू?"

आईनं जरा विचार केला.

"सकाळी दुकान उघडण्यापासून कर. दाराच्या फळ्या होत्या अकरा. एकेक काढून बाजूला लावायच्या." मग, निरीक्षकांनी पेन टेकवल्याचा आवाज आल्यावर, ती म्हणाली, "त्या मी काढायचे. ते नाही. त्यांना लवकर जाग यायची नाही. तसंच लिही."